भट्टी सुकवताना

माझ्या भावाला साठीला टेकल्यावर स्वयंपाकाची आवड लागली. म्हणजे स्वयंपाक करायची नव्हे, स्वयंपाकघर बांधायची. जन्मात त्याने कधी दुधावर लक्ष ठेवलं नाही. शेगडीसमोर उभा असताना दूध उतू जायचं आणि वर हाच विचारायचा, मला सांगायचं नाही का कोणी? आणि आता हा जेवणाच्या टेबलावर फोन आडवा धरून आम्हाला लोकांच्या अंगणातले फोटो दाखवायला लागला. दगडी ओटा, बाहेरच सिंक, वर छप्पर आणि कोपऱ्यात पिझ्झा भाजायची घुमटाची भट्टी.

"दर रविवारी सगळे बाहेर," तो म्हणाला. "मी पिझ्झे लावणार, तुम्ही फक्त खायचं."

"पीठ कोण मळणार?" मी विचारलं.

"ताई, तू ना, प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस."

म्हणजे पीठ कोण मळणार ते ठरलंच होतं.

माझा खरा आक्षेप पिठाला नव्हता. मागच्या अंगणात जी खोली उघडते ती माझी. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं दोन होती, आणि त्या दोघांचीही पुढे लग्नं झाली. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले, आणि या घरातच राहिले. आई-वडील गेल्यावर घर भावाचं झालं तेव्हा तोच म्हणाला होता, ताई, मागची खोली तुझी, तू असेपर्यंत. खोली काही मोठी नाही. पलंग, कपाट आणि एका बर्नरची शेगडी. पण तिला स्वतःचं दार आहे. सकाळी आपला चहा आपण करावा आणि पायरीवर बसून प्यावा. मनात आलं की चपला घालून निघावं. हॉलमधून जाताना "आता कुठे?" हे ऐकावं लागत नाही. दुसऱ्याच्या संसारात राहणाऱ्या बाईला अशा दाराचं मोल विचारा.

भावजयीच्या डोळ्यांत ही खोली पहिल्यापासून खुपत होती. ती मला चारचौघांत वन्सं म्हणते आणि काम असलं की ताई. त्या दिवशी तिने फोटोवर बोट ठेवलं. "हे बघा, यांनी ओट्याला लागून छोटी खोली ठेवलीय. फ्रिज, पिठाचे डबे, प्लेटा, सगळं हाताशी. आपल्याकडेही आहेच की तशी खोली."

"ती ताईची आहे," भाऊ म्हणाला. फोनवरून मानही वर केली नाही त्याने, पण म्हणाला. त्या एका वाक्यावर मी त्याचे मागचे बरेच अपराध पोटात घातले.

तरीही मी स्पष्ट सांगितलं, की धूर माझ्या खिडकीत येणार आहे आणि मला ही भट्टी नको. जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर सांगितलं. आडपडदा ठेवायचा माझा स्वभाव नाही, आणि तो ठेवला असता तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

भट्टी व्हायची ती झालीच. गवंडी बोलघेवडा होता. विटा कमी लावायचा आणि आपल्या बांधलेल्या भट्ट्यांच्या गोष्टी जास्त सांगायचा, पण हात चांगला होता त्याचा. आधी कमरेइतका चौथरा उभा राहिला. त्यावर ओल्या वाळूचा गोल ढीग रचला, ढिगावरून विटांचा घुमट चढवला आणि नंतर भट्टीच्या तोंडातून ती सगळी वाळू काढून घेतली. घुमट आपला आपण उभा राहिला तेव्हा भाऊ टाळ्या वाजवायचाच बाकी होता.

"लगेच पेटवायची नाही," गवंड्याने बजावलं. "आत पाणी आहे, मसाल्यात, विटांत. रोज थोडाथोडा जाळ करायचा. पहिले काही दिवस नुसत्या काटक्या. मग हळूहळू वाढवायचा. घाई केली तर पाण्याची वाफ होते आणि घुमट फोडून बाहेर येते. घरी कोण असतं दिवसभर?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अर्थात.

खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायला लागलं. सकाळी चहा झाला की मी मूठभर काटक्या पेटवायची, समोर खुर्ची टाकून बसायची आणि विझायला आलं की दोन अजून. इतकी वर्षं शाळेत बर्नर सांभाळले, माझ्या देखरेखीखाली एकाही पोराची भुवई जळली नाही. आगीशी कसं वागायचं ते मला कोणी शिकवायला नको. भट्टीला बाहेरून घाम यायचा. मी हात लावून बघायची, फडक्याने पुसायची. जी मला नको होती तिचं मी असं बाळंतपण करत होते.

भावाला मात्र धीर नव्हता. त्याने येत्या रविवारी ऑफिसातल्या मंडळींना बोलावून ठेवलं होतं, साहेबांसकट. रोज संध्याकाळी बूट काढायच्या आधी विचारायचा, "झाली का?"

"ओली आहे अजून."

"किती दिवस ओली राहील?"

"ते तिला विचार."

गुरुवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. सकाळचा जाळ विझवून, राख ओढून मी गेले. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, त्याने उजेड सहन होईना. दुपारी डोळ्यांवर रुमाल धरूनच घरी आले. बाहेरच्या फाटकाने अंगणात शिरले तर भट्टीवरून जाताना अंगावर झळ आली, तापलेल्या तव्याजवळून गेल्यासारखी. भट्टीच्या तोंडाला लोखंडी झाकण लावलेलं. भिंतीशी रचलेला जाड ओंडक्यांचा ढीग, ज्याला आम्ही रविवारपर्यंत हात लावणार नव्हतो, अर्धा झालेला. अंधुक दिसत होतं, पण अर्धा ढीग न दिसण्याइतकं अंधुक नव्हतं. भावजय तिच्या मैत्रिणीकडे गेली होती. भाऊ घरात होता, ऑफिसच्या वेळेत, नुकती अंघोळ करून केस पुसत.

"मीटिंग लवकर संपली," तो म्हणाला. मी काही विचारलंच नव्हतं.

मी खोलीत जाऊन डोळे मिटून पडले. म्हटलं, करून बघितलं असेल त्याने जरा, होईल काय. डोकं दुखत होतं आणि भांडायचा कंटाळा आला होता.

सकाळी घुमटाला तडा होता. तोंडापासून धुराड्यापर्यंत सरळ, नख जाईल एवढा. भाऊ लवकर निघून गेला होता. तडा आधी भावजयीने बघितला.

"वन्सं, काय केलंत हे?" ती म्हणाली. चारचौघे नव्हते, तरी वन्सं.

"मी काही केलेलं नाही."

"मग काय भुताने केलं?"

"संध्याकाळी नवऱ्याला विचार," मी म्हटलं आणि गप्प बसले. मला वाटलं, त्याने स्वतःच सांगावं. तो उतावळा आहे, पण वाईट नाही. लहानपणीही काचा फोडल्या की पाच मिनिटं लपायचा आणि मग येऊन कबूल करायचा. दिवसभर मी मनात त्याच्या वतीने वाक्यं जुळवत होते. अगं, माझ्याकडूनच झालं, घाई केली मी. एवढंच तर म्हणायचं होतं. फार फार तर बायकोने तोंड सोडलं असतं.

संध्याकाळी गवंडी आला. त्याने फोनचा टॉर्च आत मारून बघितलं, तडा खरवडला, बोटांवरची काजळी आम्हाला दाखवली. "मोठा जाळ झालाय. बदाबदा लाकडं टाकलीत कोणीतरी. माझ्या कामात खोट नाही, हे आधीच सांगतो."

"दिवसभर घरी असतं तरी कोण?" भावजय म्हणाली. "आणि ही भट्टी नको होती कोणाला?"

मी भावाकडे बघितलं. तो खाली वाकून तडा बघत होता. इतका वेळ बघत होता, जणू त्यात बारीक अक्षरात काही लिहिलं होतं. मी थांबले. गवंडीही थांबला, आणि तो बिचारा कधी बोलायचा थांबत नाही.

मग भाऊ सरळ झाला, माझ्याजवळ आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे," तो बायकोला म्हणाला. "ताईने काही मुद्दाम नाही केलं. विसरते ती हल्ली. वय झालं आता तिचं. झालं ते झालं, कोणी काही बोलू नका तिला."

त्याने मला माफ केलं. परक्या माणसासमोर, मोठ्या मनाने.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "मी काल घरी नव्हते," मी म्हटलं. "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे होते. दुपारी आले."

"तेच ना," भावजय म्हणाली. "डोळ्यांत औषध घालून आलात. किती लाकडं टाकली ते दिसलं नसेल."

गवंड्याने मान डोलावली. सगळं जुळलं होतं. मी अजूनही भावाचं नाव घेऊ शकत होते. माझ्या खांद्यावर त्याचा हात अजून तसाच होता, आणि त्या हाताला मी त्याच्या लहानपणापासून पाठीशी घालत आले होते. सवय जात नाही. मी मूग गिळून गप्प बसले.

गवंडी म्हणाला, लिंपून चालणार नाही, घुमट पाडून पुन्हा चढवावा लागेल. भावजय म्हणाली, पाडायचाच आहे तर आता सगळं फोटोतल्यासारखं करू, ओटा मागच्या खोलीपर्यंत नेऊ. असं म्हणून तिने नवऱ्याकडे बघितलं. मीही बघितलं. मला अजून आशा होती, हे आता लिहितानासुद्धा लाज वाटते.

"तसंही," भाऊ म्हणाला, आणि त्याने माझ्या खांद्यावरचा हात काढला, "ताईला मागे एकटीला ठेवणं आता बरं नाही. त्यात ती शेगडी. उद्या विसरली तर?"

असा एका तड्यातून सगळा मार्ग निघाला. पुढच्या आठवड्यात मला वर हलवलं, जिन्याच्या वरच्या खोलीत, जिथे परगावी असलेल्या भाच्याची व्यायामाची सायकल आहे. ती कुठे हलवायची ते ठरेना, म्हणून ती आणि मी दोघी तिथेच राहतो. शेगडी कोणाला तरी देऊन टाकली. चहा आता खाली होतो तेव्हा मिळतो. बाहेर जायचं तर जिना उतरून हॉलमधून जायचं, आणि भावजय मायेने विचारते, "कुठे निघालात? एकट्याच? सांगून जात जा हं." शेजारीपाजारी माझ्याशी हल्ली जरा मोठ्याने आणि सावकाश बोलतात.

नवी भट्टी भावाने स्वतः सुकवली. रजा काढली त्यासाठी. काटक्या मोजून मोजून टाकायचा, हात लावून बघायचा, माझ्याच फडक्याने पुसायचा. वरच्या खिडकीतून मी ते बघायची. मी स्वतःची समजूत घालत होते की त्याला कळलेलंच नसणार. त्याला वाटलं असेल, आपण टाकलेल्या लाकडांनी काही झालं नाही, ताईनेच नंतर येऊन अजून टाकली. माणूस स्वतःला काहीही पटवून घेतो. त्याला खरंच तसं वाटत असेल तर तो मूर्ख आहे, आणि मूर्ख भावाबरोबर राहता येतं. आजवर राहिलेच होते.

मग तो पुढे ढकललेला रविवार आला. साहेब आले, त्यांच्या पत्नी आल्या, ऑफिसातले पाचसहा जण आले. छपराखाली दिवे लावले होते. भाऊ नवा एप्रन बांधून लांब दांड्याच्या फावड्याने पिझ्झे आत सरकवत होता. पीठ मी मळलं होतं. माझ्या खोलीचं दार उघडं होतं, आत फ्रिज उभा होता, आणि लोक बिनदिक्कत आतबाहेर करत थंड बाटल्या काढत होते.

"ही दुसरी भट्टी बरं का," भावजय सांगत होती. "पहिली आमच्या वन्संनी फोडली." मग तिने सगळी हकिगत रंगवून सांगितली, डोळ्यांतल्या औषधासकट. सगळे हसले. साहेबांच्या पत्नीने माझा हात थोपटला आणि म्हणाल्या, "होतं हो असं या वयात. आमच्या सासूबाई तर गॅसच चालू ठेवायच्या." भाऊही हसला. मीही हसले. नाहीतर काय करणार होते?

पाठ दुखतेय असं सांगून मी वर आले. थोड्या वेळाने भाऊ प्लेट घेऊन आला. पिझ्झ्याचे दोन तुकडे, कडा छान फुगलेल्या. बसायला जागा नव्हती, म्हणून सायकलच्या सीटला टेकून उभा राहिला. एप्रनला पुन्हा पुन्हा हात पुसत होता. खाली हसण्याचे आवाज येत होते. मला वाटलं, आता सांगेल. लहानपणीची ती पाच मिनिटं फार लांबली इतकंच, पण सांगेल. मी काय म्हणायचं तेही ठरवलं होतं. मी म्हणणार होते, जाऊ दे.

"ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी गवंड्यासमोर तू काही बोलली नाहीस ते फार बरं केलंस. हिने मला वर्षभर ऐकवलं असतं."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याचा चेहरा मोकळा होता, मनावरचं ओझं उतरवल्यासारखा.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. जा खाली, पाहुणे खोळंबलेत."

"खाऊन बघ, गार होईल," तो म्हणाला आणि दारात वळला. "तू आहेस म्हणून बरं आहे ताई, खरंच."

तो जिना उतरून गेला. आई सांगायची की तो झाला तेव्हा मला आनंद आवरेना, सगळ्या आळीत मीच सांगत फिरले की मला भाऊ झाला. त्या रात्री पहिल्यांदा माझ्या मनात आलं, आई-वडिलांना मी एकटीच असते तर बरं झालं असतं.