दस्तीची मोकळी टोकं

"दस्तीनं धूळ अडत न्हाई बेटा, गळा अडकतो," असं माझ्या सासूबाई, कमरबी, मला तोंडाला बांधायच्या रुमालावरून दोनदा म्हणाल्या होत्या. दोन्ही वेळा मी हसले. माझे सासरे चांदपाशा आरा मशीनवर चोवीस वर्षं लाकूड चिरत होते, आणि शेवटी शेवटी धाप एवढी, की त्यांना बसूनच झोपावं लागे. अम्मी ते बघून बोलत होत्या. मी बी.एस्सी. झालेली. मला वाटलं, जुन्या माणसांची भीती.

माझा नवरा हारुन पेट्रोलच्या चेनवाल्या कटरनं झाडं कापतो. राजूरच्या गणपतीच्या वाटेवरची वाळलेली कडुलिंबाची झाडं पाडायचं काम गिरिधर नावाच्या ठेकेदारानं घेतलं होतं. संध्याकाळी हारुन घरी आला की आमची दोन वर्षांची आयेशा त्याचा मुका घ्यायची आणि लगेच तोंड वाकडं करायची. कडू! त्याच्या भुवयांत, कानांत, नाकात लिंबाचा भुसा. मग याचा खोकला सुरू. म्हणून मी रोज सकाळी दस्ती ओली करून त्याच्या तोंडावर बांधायला लागले. मानेमागं गाठ, आणि घाम पुसायला दोन्ही टोकं पुढं छातीवर मोकळी. आपल्याकडं शेतात, गाडीवर, फवारणीला सगळे असंच बांधतात. वर मला माझ्या अकलेचं कौतुक.

त्या बुधवारी आयेशाला कडेवर घेऊन मी डबा द्यायला गेले. दहा वाजले नव्हते, तर दस्ती खडखडीत वाळलेली, नाकाखाली घसरलेली. डोळ्यांवर काही नाही. गिरिधर टेम्पोच्या सावलीत बसला होता.

"भाऊ, मशीनसोबत चष्मा-टोपी काही आलं न्हाई का?"

"आलंय ना भाभी. टेम्पोत पिशवीत हाये, बिलकुल नवं. साहेब आले की घालतो, फोटोपुरतं."

"आणि बाकीच्या वेळी?"

"बाकीच्या वेळी काम करतो!"

सगळे हसले. एकजण ओरडला, "हारुनभाई, आज भाभीच साहेब होऊन आल्यात बघा!"

हारुन लाजेनं लाल. "तू घरी जा. कशाला तमाशा करून राह्यली?" म्हणाला, आणि डबा न घेताच दोरी ओढून मशीन चालू केलं. खोड बुंध्याशी कापायला तो वाकला. दस्तीची टोकं लोंबायला लागली. मी ओरडले. त्या आवाजात कोणाला ऐकू जाणार?

डावं टोक चेनमध्ये गेलं. त्याचं डोकं एका हिसक्यात खाली ओढलं गेलं. कापड टर्रकन फाटलं, उरलेलं आत गुंडाळलं आणि मशीन बंद पडलं. हनुवटीखाली रक्ताची रेघ उमटली होती. मानेमागची गाठ इतकी आवळली गेलेली, की मीच बांधलेली मला सुटेना. शेवटी लाकडं टेम्पोत भरणाऱ्या राजानंदनं कोयत्याच्या टोकानं ती कापली.

"गणपतीनं वाचवलं भाभी," गिरिधर म्हणाला.

"गणपतीला मधे आणू नका! दस्ती जुनी होती, विरलेली होती, म्हणून वाचला. नवी असती तर? तुमची पिशवी तर अजून नवीच हाये ना?"

त्यानं चेनमधली फाटकी दस्ती ओढून काढली. पिशवी मात्र काढली नाही.

चूक माझी होतीच. अम्मींनी ती एकदाही बोलून दाखवली नाही, त्याचं जास्त लागतं. पण गाठ मी बांधली म्हणून पिशवी बंद ठेवणारा सुटतो की काय? टाके पडल्यावर हारुन म्हणाला, चष्मा, टोपी आणि बराबर मास्क दिल्याशिवाय मशीनला हात लावणार नाही. गिरिधरचं उत्तर आलं, "मंग बस घरी."

दुसऱ्या दिवशी तेच मशीन राजानंदच्या हातात! त्यानं ते कधी चालवलेलं नाही. मी मेडिकलमधून चांगला मास्क नेऊन दिला. "घालतो ताई," म्हणाला आणि बाकीचे हसतील म्हणून खिशात ठेवला. तोंडाला दस्तीच. "टोकं आत खोचलीत की!" म्हणे. वाकलं की खोचलेली टोकं सुटतात, हे मी बघितलंय.

चतुर्थीला तुमच्यातले किती तरी जण त्याच वाटेनं दर्शनाला जाल. मशीनचा आवाज आला तर गाडी थांबवा. मागून जाऊन त्याच्या खांद्याला हात लावू नका, दचकेल. लांबच, त्याला दिसेल असे समोर उभे राहा, तो मशीन बंद करीपर्यंत. मग राजानंदला विचारा, मास्क खिशात आहे का तोंडावर. आणि टेम्पोतली ती पिशवी कोणी फोडली का, तेही बघा.