चौघांचा तंबू

“दोरी उलटी बांधलीस. खुंटी बाहेरच्या बाजूला झुकली पाहिजे,” यादव म्हणाला, आणि किशोरनं तिसऱ्यांदा गाठ सोडली.

तंबू यादव शिकवायचा त्या शाळेतल्या स्काउट पथकाचा होता. वीस वर्षं त्यानं त्यात दुसऱ्यांची मुलं झोपवली होती. स्वतःची मुलं आज पहिल्यांदाच. किशोर एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला. स्नेहल तेवीस पुरी झालेली. फेब्रुवारीत तिचं लग्न होतं आणि लग्नानंतर बंगलोर. सहलीचा हट्ट तिचाच. “एकदा आपण चौघंच कुठंतरी जाऊ. देवदर्शन नको, नातेवाईक नकोत,” असं ती दिवाळीत म्हणाली होती. म्हणून डिसेंबरातल्या या शनिवारी शेजाऱ्याची मारुती व्हॅन मागून ते निघाले होते. साल नव्व्याण्णव संपत आलं होतं.

स्नेहलला भंडारदऱ्याला जायचं होतं. पण तिची आई, सविता म्हणाली, “हरसूलकडं जाऊ. वाघेरा घाट उतरला की एक पाझर तलाव आहे. गर्दी नाही, पाणी चांगलं. माझ्या माहितीतला आहे.”

माहितीतला असणारच. त्या भागातल्या उपकेंद्रात तिनं नर्स म्हणून सोळा वर्षं काढली होती. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन ती नाशकात आली. त्या सोळा वर्षांत मुलं मखमलाबादला सासूबाईंच्या, अक्काबाईंच्या हाताखाली वाढली. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं सविता घरी यायची. म्हणजे यायचं ठरलेलं असायचं. कधी लसीकरण निघे, कधी कुणी अडलेली असे. मुलं फाट्यावर जाऊन उभी राहत आणि रिकामी परत येत. पुढंपुढं त्यांनी जाणं सोडून दिलं.

आज येताना वाघेऱ्याच्या टपरीवर चहावाल्यानं तिला ओळखलं आणि खुर्ची पुसून दिली. चार बायका भोवती जमल्या. किशोरला गंमत वाटली. स्नेहल व्हॅनमधून उतरलीच नाही.

तलावाकाठी मात्र ती खुलली. तीन दगडांवर वांगी भाजली, भाकरी घरून आणल्याच होत्या. जेवताना सवितानं किशोरच्या ताटात लिंबू पिळलं तर तो म्हणाला, “आई, मला आंबट चालत नाही. घसा धरतो.” कधीपासून, हे तिनं विचारलं नाही.

जेवण झाल्यावर बापलेक पाण्याकडं गेले. स्नेहल तेलाची बाटली घेऊन आईच्या पुढ्यात येऊन बसली.

“लावून दे ना. नेहमी अक्काच लावते.”

सवितानं तिचे केस मोकळे केले. दाट होते, कमरेपर्यंत. दोन वर्षं एका घरात राहूनही इतके वाढलेत हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. ती हळूहळू तेल मुरवत राहिली.

“आई,” स्नेहल मान खाली घालून म्हणाली, “मला भीती वाटते गं. तिकडं जायची. त्याला मी दोनदाच भेटलेय. मला नीट ठरवताच आलं नाही. तुला कधी...”

“बाई.”

काठी टेकत एक म्हातारा उभा होता. वरच्या पाड्यावरचा कारभारी. सवितानं त्याला लगेच ओळखलं.

“तुमी आल्या म्हून वाघेऱ्यात कळलं,” तो म्हणाला. “सुनंला सकाळधरनं कळा लागल्यात. नवी नरसबाई नाशकाला गेली. शनवार हाय ना, तिची पोरं हायत तिकडं.”

“भागीबाई कुठाय?” सवितानं विचारलं. भागीबाई म्हणजे पाड्यावरची जुनी सुईण.

“ती हाय की घरातच. पर तुमी हायच म्हनल्यावर...”

सविताचे हात केसांतून केव्हाच निघाले होते. पर्स उघडून तिनं एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. हातमोजे, नवं ब्लेड, दोरा.

“हे तू सहलीला आणलंस?” स्नेहलनं विचारलं.

“सवय आहे गं. पर्समध्ये असतंच.”

“तिथं भागीबाई आहे ना? तूच सांगायचीस, म्हातारीचे हात डॉक्टरपेक्षा हुशार आहेत.”

“नुसती बघून येते. तासाभरात.”

“आई, नको जाऊस. आज मी सांगतेय म्हणून नको जाऊस.”

सविता कारभाऱ्याकडं बघत राहिली, मग मुलीकडं. “असं कसं करता येईल, स्नेहल? माणूस दारात आलाय.”

स्नेहलनं केस स्वतःच गोळा करून गाठ मारली. “जा,” ती म्हणाली. “तेलाचे हात धू आधी.”

टेकडी चढताना सविताला दम लागला नाही. सकाळपासून त्या तंबूपाशी तिला पाहुणीसारखं वाटत होतं. कोण काय खातो, कशाला हसतो, काही कळत नव्हतं. इथं कुणाच्या घरात पाणी कुठं ठेवतात तेही ठाऊक होतं. पाऊल आपोआप पडत होतं. आपल्याला बरं वाटतंय, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं तो विचार तिथंच सोडून दिला.

तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं. मूल सरळ होतं, ठोके चांगले होते. भागीबाई हात शेकत बसली होती.

“समदं नीट हाय,” ती म्हणाली. “पहाटंचं होईल. तू जा पोरांकडं. मी हाय ना.”

“पहिलटकरीण आहे. थांबते थोडी.”

अंगणातून खालचा तलाव दिसत होता. तंबूशेजारी धूर वर चढत होता. संध्याकाळ झाली तशी तिथं कंदील लागला. उतरायला वीस मिनिटं लागली असती, सोबत यायला कारभारी तयार होता. सविता दोनदा बाहेर आली, कंदिलाकडं पाहिलं आणि आत गेली. घरातल्या बायकांनी तिला घोंगडी दिली, नागलीची भाकर दिली, आपापली दुखणी सांगितली. ती ऐकत बसली.

पहाटे मुलगी झाली. भागीबाईनंच झेलली. सवितानं फक्त नाळ बांधली.

ऊन वर आल्यावर ती खाली उतरली. व्हॅन नव्हती. तंबू होता तिथं गवत चौकोनी दबलेलं होतं. चुलीच्या दगडावर तिचा स्वेटर घडी घालून ठेवला होता आणि त्याखाली चिठ्ठी, यादवच्या फळ्यावरच्या सुबक अक्षरात: ‘सकाळी आठपर्यंत वाट पाहिली. स्नेहल घरी जाऊ म्हणाली. मी तुला बोलवायला निघालो होतो, तिनं नको म्हटलं. दहाची एसटी आहे.’

एसटी भरलेली होती. तरी दोघंजण उठले आणि तिला खिडकीची जागा मिळाली. एका बाईनं आपलं पोरगं पुढं केलं. “ह्यांच्या हातचा हाय तू. पाया पड.” पोरगं लाजत वाकलं. सवितानं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि नाशिक येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी स्नेहल कपड्यांना इस्त्री करत होती.

“कसं झालं?”

“मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.” सविता दारातच उभी राहिली. “अवघड होतं गं. मी नसते तर काही खरं नव्हतं.”

हे आपण का बोललो, ते तिलाही कळलं नाही.

“हो का,” स्नेहल म्हणाली. तिचा स्वर जरा नरमला. “मग बरं झालं तू गेलीस.”

“काल तू काही म्हणत होतीस...”

“बोलले मी बाबांशी. आता काही नाही.”

पुढचे दोन महिने दोघींचं बरं चाललं. स्नेहलनं साड्या तिला दाखवून घेतल्या. पत्रिका द्यायला दोघी बरोबर गेल्या.

लग्नाला पाड्यावरून माणसं आली. कारभारी, त्याची सून, दुपट्यातली तान्ही आणि भागीबाई. सवितानं त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. जेवणं झाल्यावर भागीबाई नवरीजवळ गेली, तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली.

“तुझी आई लय मायेची,” ती म्हणाली. “त्या दिशी मी म्हनलं तिला, समदं नीट हाय, जा तू पोरांकडं, मी हाय. दोनदा म्हनलं. पर नाय हलली. रातभर बसली आमच्यात. अशी बाई मिळायची नाय.”

सविता दोन हातांवर होती. तिनं ऐकलं. स्नेहलनंही नीट ऐकलं. ती भागीबाईला हसून म्हणाली, “हो, मिळायची नाही.” आईकडं तिनं पाहिलं नाही.

निघायची वेळ झाली. मांडवाच्या दाराशी स्नेहल अक्काबाईंच्या गळ्यात पडून रडली. बापाला तर सोडेचना. किशोरनं तिचे हात सोडवले. मग ती सवितासमोर आली. क्षणभर थांबली. डोळे पुसले, पदर नीट केला आणि खाली वाकली. दोन्ही पायांना हात लावून, पाहुण्यांच्या पडली होती तशीच, व्यवस्थित पाया पडली.

सवितानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. जवळ घ्यावं म्हणून वाकली, तोवर स्नेहल सरळ होऊन पुढच्या माणसाकडं वळली होती.