बारशाचे मांडे आणि वरून पेटणारी शेगडी

येळ्ळूरच्या त्या गल्लीत लग्न असो की बारसं, मांडे मनुबाईच्या हातचेच. तिनं मागवलेली पेलेटची शेगडी मात्र तिच्या दहाव्याला घरी पोचली. आणणाऱ्यानं दारातली माणसं बघितली, खोकं ओट्यावर हळूच ठेवलं आणि सहीसुद्धा न घेता गेला.

पेलेट म्हणजे भुसा नि शेंगांची टरफलं दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या. शेगडीत त्या भरायच्या, खालून छोटा पंखा वारा घालतो. धूर होत नाही, असं मनुबाईला कुणीतरी सांगितलं होतं.

चार महिने खोक्याला कुणी हात लावला नाही. चैत्रात शेजारच्या बेबीमावशीची लेक चिन्मयी बाळंत झाली, तेव्हा मनुबाईच्या लेकीनं, दिपालीनं, ते उघडलं. "बारशाचं मांडं माझ्याकडं," असं तिची आई चिन्मयीला सांगून बसली होती. आता तो शब्द दिपालीकडे आला होता. तो पडू द्यायचा नाही, एवढंच तिनं मनाशी धरलं.

दिपाली बेळगावच्या हायस्कुलात शिकवायची. घरात भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. पण चूल पेटवायला पुस्तक कशाला? आई पेटवायची तशीच तिनं पेटवली. खाली शेणकूट, त्यावर रॉकेल, जाळ धरला तशा वरून ओंजळी ओंजळी कांड्या. पंखा पुरा सोडला आणि लगेच मांडे भाजायची कढई उपडी घातली.

गल्ली दिसेनाशी झाली.

"दिपा, शेगडी आणलीस का वीटभट्टी?" बेबीमावशीचे यजमान, मष्णूअण्णा, कुंपणापलीकडून ओरडले. "माझी म्हस कुठं बांधलीया तीबी गावंना झालीया!"

दुसऱ्या दिवशी तिनं रॉकेल वाढवलं. धूरही वाढला. बेबीमावशी पदर नाकाला लावून आली.

"खिडक्या लावल्या तरी लेकरू शिंकाय लागलंय गं. तुझी माया कळती मला, पर ऱ्हाऊ दे आता."

"उद्या एकदाच बघू दे मावशी."

"उद्या बारसं हाय. सकाळी इतकुसा जरी धूर दिसला, तर मी मांड्याच्या जागी बेळगावास्नं कुंदा मागवणार. मग रुसायचं न्हाय."

त्या संध्याकाळी दिपालीनं पेलेटचं पोतं उचललं, तर बूड गार लागलं. न्हाणीच्या भिंतीला टेकवलेलं, ओल धरलेलं. वरच्या कोरड्या कांड्या निवडून ठेवाव्यात म्हणून तिनं रिकामं खोकं ओढलं, तर त्याच्या तळाशी घडी घातलेला कागद निघाला. सगळा कानडीत.

"काय लिवलंय?" मष्णूअण्णांनी मान लांब केली.

तिनं अक्षर अक्षर लावलं. "मेलिंद हच्चिरि. वरून पेटवा."

"घ्या! आमी इतकी वर्सं मराठी मराठी म्हणून घसा फोडला, आन् शेगडी कानडीत शिकवाय लागली!"

दिपाली कागद हातात धरून पायरीवर बसली आणि हसत सुटली. सापडेल ते वाचणारी बाई, आणि एवढा एक कागद तेवढा वाचायचा राहिला होता! चित्रात सगळं होतं. कांड्या आधी भरायच्या, विस्तव वर ठेवायचा. जाळ वर असला की खालून निघणारा धूर त्या जाळातून जाता जाताच जळतो. तिनं उलटं केलं होतं. जाळ खाली गाडला होता आणि धुराला वाट मोकळी सोडली होती.

सकाळी तिनं कांड्या काठाखाली चार बोटं येईपर्यंत भरल्या. वर करवंटीचे तुकडे, चिपाडाच्या काड्या आणि मधोमध तुपात भिजवलेल्या दोन वाती. पंखा अगदी हळू. काडी ओढली आणि घड्याळाकडे बघत बसली. एक बारीक करडी रेघ वर आली, वळली आणि विरली. जाळ कडेपर्यंत पसरला तेव्हा तिनं पंखा वाढवला, मग कढई उपडी घातली.

पिठीसाखरेचं सारण भरलेली गोळी तिनं लाटली, दोन्ही हातांवर झेलत झेलत रुमालाएवढी केली, कढईच्या पाठीवर टाकली. फाटली. दुसरी फाटली नाही. तिसऱ्या वेळी हात आपोआप वळले, आणि कोपर थेट आईसारखा बाहेर गेलेला बघून ती क्षणभर थांबली. मांडा मात्र थांबत नाही. गरम आहे तोवर घडी घालावी लागते.

साडेनवाला बेबीमावशी तणतणत आत आली. "अजून पेटवली न्हाईस व्हय गं? मी दोन तास खिडकीत डोळं लावून बसलोय, धुराचा पत्ता न्हाय! पावणी याची येळ झाली. कुंदा सांगू का न्हाय, त्ये तरी बोल!"

दिपालीच्या हातांवर मांडा पसरलेला होता. तिनं नुसती हनुवटीनं खूण केली. पाटावर चौदा मांडे घडी घालून रचले होते.

बेबीमावशीनं कढईखाली वाकून बघितलं. शेगडीकडे बघितलं. छपराकडे बघितलं.

"आगं बया," ती खाली बसली. "मनूला ही बघायला मिळाय पायजे हुती."

"व्हय," दिपाली म्हणाली आणि मांडा कढईवर टाकला.

पंखा घुमत होता. मग बेबीमावशीनं डोळे पुसले, पहिल्या फाटक्या मांड्याचा तुकडा मोडला आणि दिपालीच्या तोंडापुढे धरला.

"माझे हात तुपाचे आहेत मावशी."

"हाताला कोण चारतंय? आ कर."

तिनं आ केला. मांडा जिभेवर ठेवताच विरघळला.

"साखर जरा कमी झाली," तोंड भरलेलं असतानाच दिपाली म्हणाली.

"त्ये माझं मी बगतो. तू सात कर आजून," असं म्हणत बेबीमावशीनं चौदा मांड्यांचा पाट उचलला आणि दारातूनच हाक टाकली, "चिन्मयेऽ, खिडक्या उगड समद्या!"