नत्थूजींच्या बंडीची जागा

पांढुर्णा जिल्हा झाला आणि नलिनीबाईंच्या बाजारगल्लीत मोटारी मावेनाशा झाल्या. कचेऱ्या वाढल्या, कचेऱ्यांमागे माणसं आली, माणसांमागे गाड्या. शेवटी नगरपालिकेनं रस्त्याच्या कडेला पिवळे चौकोन आखले. एका घराला एक चौकोन आणि त्यात गल्लीत राहणाऱ्याचीच गाडी. बाकीच्यांनी शाळेच्या मैदानावर गाडी लावून पायी यावं.

नलिनीबाईंच्या घरासमोरही एक चौकोन आला. त्यांच्याकडे गाडी नव्हती, कधीच नव्हती. सदतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं ते पायी जाऊन. लग्न केलं नाही. वडिलांच्या माघारी खालचं कापडाचं दुकान बंद झालं आणि वरच्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहत आल्या.

तिसऱ्या दिवशी शेजारचे रवींद्र अर्ज घेऊन आले. त्यांच्या घरी दोन गाड्या, एक त्यांची आणि एक मुलाची, हर्षलची. बाईंनी संमती दिली तर हर्षलची गाडी त्यांच्या चौकोनात राहू शकत होती. रवींद्र भला माणूस. बाईंचं सिलिंडर तेच वर चढवून देत. बाई हो म्हणाल्या, फक्त सही उद्या करते म्हणाल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुपारी अर्ज घेऊन त्या खिडकीशी बसल्या. ‘वाहनाचा क्रमांक’ असा एक रकाना होता. तो वाचताना त्यांना हसू आलं. त्या जागेवर वीसेक वर्षं जे वाहन उभं राहिलं त्याला क्रमांक नव्हता. ती तिगावच्या नत्थूजींची बंडी होती.

बाजाराच्या दिवशी उजाडता उजाडता बंडी यायची. थंडीच्या दिवसांत संत्री, पुढे कापूस. नत्थूजी बैल सोडून दुकानाच्या ओट्याशी बांधायचे, त्यांच्यापुढे कडबा टाकायचे आणि बंडीचं जू ओट्याच्या कडेला टेकवून ठेवायचे. मग शेजारपाजारची सगळी पोरं त्या जुवाला लोंबकळायची. ही जागा नत्थूची, असं नलूच्या वडिलांनी, बाबूजींनी, एकदा म्हटलं होतं, तेवढंच. त्या दिवशी तिथं कुणी सायकलसुद्धा टेकवत नसे. बाजार आटोपला की नत्थूजी ओट्यावर बसून भाकर सोडायचे. सोबतीला नलूच्या आईनं दिलेलं वरण असायचं. जाताना ते टोपल्यातलं सगळ्यात मोठं संत्रं नलूच्या हातावर ठेवायचे, आणि ती पुढे कॉलेजात गेली तरी ठेवत राहिले. शिक्षणासाठी ती नागपूरला निघाली तेव्हा तिची लोखंडी पेटी त्याच बंडीतून स्टेशनावर गेली होती. बाबूजी दुकान सोडून आले नाहीत. फलाटावर नत्थूजीच उभे होते, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

मग व्यापाऱ्यांचे ट्रक थेट बगीच्यात जाऊ लागले आणि बंडी यायची बंद झाली. बाबूजी गेले तेव्हा नत्थूजी येऊन गेले, त्यालाही आता बारा वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई भाजी घ्यायला खाली उतरल्या, तर समोरच्या बंद दुकानाच्या बुटक्या पायरीवर एक म्हातारा बसलेला. काठी आडवी धरलेली, उजवा पाय लाकडासारखा पुढे पसरलेला. शेजारी एक तरुण मुलगी त्याच्या तोंडाशी पाण्याची बाटली धरून उभी. बाईंनी आधी पटका ओळखला, मग माणूस.

ती मुलगी नत्थूजींची नात, हिमानी. तिच्याकडून सगळं कळलं. पावसाळ्यात आजोबांना लकवा मारला होता. गल्लीच्या टोकाला व्यायाम करून घेणारे डॉक्टर होते, त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा आणावं लागे. गाडी ती स्वतः चालवी. दारात उतरवावं तर आजोबांना एकटं सोडून मैदानापर्यंत गाडी लावायला जाता येत नसे, म्हणून मैदानापासूनच चालवत आणायची. वाटेत तीनदा बसावं लागे.

नत्थूजी बाईंकडे बघत राहिले. बोलणं जड झालं होतं, पण नाव बरोबर आलं.

“नलूबाई,” ते म्हणाले. “थकून राहिलो आता.”

बाई भाजी न घेताच नगरपालिकेत गेल्या. खिडकीमागे पूजा होती, त्यांची जुनी विद्यार्थिनी. ती उठून उभी राहिली, खुर्ची दिली, नियमांचा कागद दोनदा वाचला. गाडी तिगावची, मालक तिगावचा. बाईंच्या चौकोनात त्या गाडीला परवाना मिळणार नव्हता. तिलाच वाईट वाटलं. शेवटी ती म्हणाली, “मॅडम, रस्त्यावर नाही जमत. तुमच्या घरच्या जागेत मात्र कोणाचीबी गाडी ठेवा, आमाले विचारायचं कामच नाही.”

घरापाशी येऊन बाई रस्त्यातच थांबल्या. बाबूजींच्या बंद दुकानाची खोली खोल होती, गाडी सहज आत गेली असती. आड येत होता तो फक्त ओटा.

तो दिवस त्यांनी ओट्यावर बसून काढला. बाबूजी संध्याकाळी इथंच टेकायचे. आईनं इथंच तांदूळ निवडले होते. दगडाची एक कड जुवानं घासून गुळगुळीत झाली होती, तिच्यावरून त्यांनी कितीदा तरी हात फिरवला. संध्याकाळी रवींद्र आले तेव्हा त्यांनी अर्जावर सही केली आणि एकच अट घातली, की मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी चौकोन रिकामा हवा, गाडी आत न्यायला. रवींद्रांना अडचण नव्हती. हर्षल तसाही आठ वाजता बोरगावच्या कारखान्यात जायला निघत असे. पण ओटा तोडणार हे ऐकून त्यांनी त्या गुळगुळीत कडेवर हात ठेवला. लहानपणी तेही त्या जुवाला लोंबकळले होते.

दोन मजुरांना दीड दिवस लागला. पहिला घाव पडला तेव्हा बाई वर निघून गेल्या.

शुक्रवारी हिमानीनं गाडी हळूच दुकानात घेतली. नत्थूजी गाडीचं दार उघडून बसल्या जागेवरून बाहेर बघत होते, जिथं आता सिमेंटचा उतार होता.

“ओटा कायले तोडला, नलूबाई?” ते म्हणाले. “बाबूजीची याद होती थे.”

“ओट्यावर बसायला तुम्हीच तर येत होते, नत्थूभाऊ,” बाई म्हणाल्या. “तुम्हालेच वर चढता नाही आलं, तर मी तो ठेवून काय करू?”

डावा हात पुढे करून नत्थूजींनी बाईंचा खांदा धरला आणि ते खाली उतरले. डॉक्टरांचं दार तिथून बावीस पावलांवर होतं. बाईंनी सवयीनं मोजली.

होळीपर्यंत ते काठीवर एकटे चालू लागले आणि डॉक्टरांनी येणं थांबवलं तरी चालेल म्हणून सांगितलं. तरी पुढच्या शुक्रवारी नऊ वाजता खाली हॉर्न वाजला. हिमानीनं वर येऊन जरा ओशाळत सांगितलं, की आजोबा सकाळपासून पटका बांधून बसले होते, कुठं जायचं ते सांगत नव्हते. बाईंनी गॅसवर चहा ठेवला आणि खाली दोन खुर्च्या न्यायला सांगितलं.