खिडकीखालचे पिंप

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर दोन वर्षांपूर्वी नवी कमान उभी राहिली. तिच्या दोन्ही बाजूंना सिमेंटची हरणे आहेत आणि फोटो काढणाऱ्यांसाठी एक चौथरा. कमानीमागच्या शेडमध्ये गस्तीच्या दोन जिपा विटांवर उभ्या आहेत. त्यांची चाके काढून तिसरीला लावली, म्हणून निदान तिसरी चालते. कमानीसाठी निधी आला होता, टायरांसाठी आला नाही. तिकिटांचे पैसे रोज संध्याकाळी बँकेत जात, बँकेतून वर जात, आणि वरून कधी परत आलेच तर असे कमान होऊन येत.

कमानीच्या डाव्या हाताला तिकीट खिडकी. तिच्यामागे नऊ वर्षे बसणाऱ्या बाईला सगळे खिडकीबाई म्हणत. नवरासुद्धा.

नवरा वणव्याच्या पहाऱ्यावर होता. फाटकापासून अकरा किलोमीटर आत त्याचा तळ आणि तिथून पुढे जाळरेषा, म्हणजे गवत काढून उघडा केलेला सहा मीटर रुंदीचा पट्टा. आग तिथवर येते आणि खायला काही न मिळाल्याने थांबते. तो पट्टा हिवाळ्यात साफ करायचा आणि उन्हाळाभर साफ ठेवायचा, हे दोन माणसांचे काम. तळाजवळचा झरा त्या वर्षी हिवाळ्यातच आटला होता. वायरलेसची बॅटरी दोन महिन्यांपूर्वी बसली होती आणि नवीची मागणी वर गेली होती. जीप पहाटे माणसांना सोडून फाटकावर यायची, आठला नळ आला की शंभर लिटरचे निळे पिंप भरायची आणि नऊला तळाकडे निघायची.

त्या गुरुवारी पहाटे तो पाच लिटरचा कॅन भरत होता. त्यांची मुलगी, नऊ वर्षांची चिमणी, उंबऱ्यावर बसून दात घासत होती.

"आज कोण येणार आहे का तुझं?" त्याने विचारले.

"माझं कोण? साहेबांचं. मला काय आधी सांगतात?"

"आले तर लवकर आटपा म्हणावं. परवा पाणी दीडला पोचलं. तोवर आम्ही दोघं नुसते बसलो होतो, दोरीवर वाळत घातल्यासारखे."

चिमणी हसली. "बाबा, मला कधी नेणार आत?"

"मोठ्या साहेबांच्या घरी जन्म घे. उद्याच नेतो."

"सकाळी सकाळी काहीतरी बोलू नका," खिडकीबाई म्हणाली आणि डबा त्याच्या पिशवीत सरकवला. त्याने पिशवी खांद्याला लावली, चिमणीच्या डोक्यावर टपली मारली आणि निघाला.

*

खिडकीत दोन पुस्तके असत. पिवळे तिकिटांचे आणि हिरवे पासांचे. हिरवा पास तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी. त्याला पैसे पडत नाहीत आणि सोबत गस्तीची गाडी मिळते. नियम एवढाच होता. पण वरून फोन यायचा, "आपली माणसं आहेत," आणि खिडकीबाई हिरव्या पासावर लिहायची, "तपासणी. गस्तीची गाडी." पहिल्यांदा लिहिताना तिचा हात अडखळला होता. नंतर अक्षर वळणदार झाले. याला कोणी लबाडी म्हणत नसे. याला ओळख म्हणत, आणि ज्याची ओळख नसेल त्याची लोकांना कीवच यायची.

त्या दिवशी सात माणसे आली. पाच मोठी, दोन मुले. मोठ्या साहेबांच्या मेहुण्यांचे शेजारी.

"पिंप आणि सात माणसं, दोन्ही नाही बसायची," जिपेचा ड्रायव्हर म्हणाला. त्याला सगळे मामा म्हणत.

रेंजर साहेबांनी घड्याळ पाहिले. माणूस वाईट नव्हता. बदलीच्या भीतीने मात्र तो पाहुण्यांसमोर नेहमी अर्धा वाकलेला असे. "पिंप उतरवा. दुसऱ्या फेरीत न्या. अकरापर्यंत याल ना?"

"आलोच समजा."

दोघांनी मिळून पिंप उतरवले आणि सावली पाहून खिडकीखाली ठेवले. खिडकीबाईने पास फाडून मामाच्या हातात दिला.

मग रांग सुरू झाली. पुढेच काठावरच्या गावच्या शाळेतल्या बाई होत्या, हातात अर्ज. आसपासच्या शाळांना महिन्यातून एक दिवस मोफत प्रवेश, असे फाटकाच्या फलकावर लिहिलेले होते. तो रंग आता पुष्कळसा उडाला होता.

"चौथा महिना आहे, ताई. चाळीस मुलं आहेत. कुंपणाला नाक लावून मोठी झाली आणि आत हरीण कसं चरतं ते माहीत नाही."

"जागा संपल्या, बाई. पुढच्या महिन्यात बघू."

ही ओळही खिडकीबाईच्या तोंडात चांगली बसली होती.

अकरा वाजले. साडेअकरा झाले. भिंतीवरच्या तापमापकात पारा बेचाळीसवर होता. खिडकीबाईने हिशेब केला. अशा उन्हात गवत कापणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाते. पाच लिटरचा कॅन साडेपाचपासून. तिला हिशेब पुढे न्यावासा वाटेना.

बाराला तिने रेंजर साहेबांना फोन लावला.

"येईल हो गाडी. आतल्या पाणवठ्यावर बिबट्या दिसलाय म्हणे, म्हणून थांबलेत. डबेही घेऊन गेलेत."

"साहेब, पिंप इथंच आहे."

"मग मी काय डोक्यावर घेऊन जाऊ? पाहुण्यांना उठा म्हणून सांगायचं का? परवाही उशीर झालाच होता. काही झालं का?"

काही झाले नव्हते, हे खरेच होते. तिने पर्यटकांच्या एका गाडीवाल्याला थांबवले. "पिंप तळावर टाकशील का? माझे मालक आहेत तिथं."

"तळाच्या रस्त्याला आमची गाडी दिसली तर परमिट जातं, ताई. तुम्हीच तो नियम वाचून दाखवता रोज."

दोनला पारा चव्वेचाळीसवर गेला. पाहुण्यांच्या शहरी गाडीचा ड्रायव्हर प्लॅस्टिकचा मग घेऊन आला, पिंपाचे झाकण काढले आणि काचेवर पाणी मारू लागला.

"ते पिण्याचं आहे," खिडकीबाई म्हणाली.

"भरलेलंच आहे की. दोन मग घेतले."

तिने बाहेर येऊन झाकण लावले आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली. रांगेतले लोक तिच्याकडे पाहत होते. तिने हात काढला आणि खिडकीत जाऊन बसली. पुढे कित्येक महिने तिला सर्वांत जास्त आठवली ती हीच गोष्ट. ती परत जाऊन बसली होती.

*

जीप चार वाजून दहा मिनिटांनी आली. पाहुणे दाटीवाटीने पाय वर घेऊन बसले होते, कारण खाली, दोन बाकांच्या मधल्या जागेत, खिडकीबाईचा नवरा आडवा होता. फाटकापासून तीन किलोमीटरवर, रस्त्याच्या कडेला सापडला, असे मामा म्हणाला. बाराच्या सुमारास कॅन संपला होता. रेषेच्या एका टोकाला धूर होता, म्हणून जोडीदाराला तिथेच ठेवून तो पाण्याचे काय झाले ते बघायला चालत निघाला होता.

त्याची कातडी कोरडी आणि तापलेली होती. घामाचा थेंब नव्हता. पाहुण्यांतल्या एका बाईने आपल्या बाटलीतले उरलेले पाणी त्याच्या कपाळावर ओतले होते.

"यांच्याकडे पाणी का नव्हतं?" तिने विचारले. "कोणी देत नाही का यांना पाणी?"

मामाने खिडकीकडे पाहिले. खिडकीखाली पिंप होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी अंगाचे तापमान लिहिले, बेचाळीस पूर्णांक तीन. सहा वाजण्याआधी त्यांनी चादर वर ओढली. "पाणी संपलं की घाम थांबतो," ते हळू आवाजात म्हणाले. "घाम थांबला की अंगातली उष्णता जायला वाटच राहत नाही. दोनच्या आधी अंगावर ओतायला दोन बादल्या पाणी असतं, तर..." त्यांनी वाक्य सोडून दिले. जोडीदाराला संध्याकाळी पिंप पोचले. तो वाचला. आगही त्याने एकट्याने विझवली.

*

नवव्या दिवशी चौकशीला वरून एक अधिकारी आले. त्यांच्याआधी रेंजर साहेब घरी आले आणि खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

"वहिनी, कागद असा आहे की गाडी त्या दिवशी तपासणीला आत होती. पास तुमच्याच अक्षरात आहे. गाडी आत होती म्हणजे पाणी पोचलं, असंच धरणार. मग ते काम सोडून का निघाले, हा प्रश्न येतो. त्यापेक्षा असं लिहा, पाणी पोचलं होतं, त्यांना बरं वाटेना म्हणून ते निघाले. मदत मिळेल. तुमची खिडकीही राहील."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर खोटा पास कोणी लिहिला, ते आधी विचारतील."

ते गेल्यावर सासूबाई आतून आल्या. नऊ दिवसांत त्या नऊ वाक्येही बोलल्या नव्हत्या.

"लिही ते म्हणतात तसं. माझा गेला तो गेला. त्या पोरीचं बघ."

"आई, पाणी पोचलं असं मी लिहू? पिंप माझ्या पायाशी होतं."

"मला नको सांगूस," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. मान न वळवता त्यांनीच विचारले, "भरलेलं होतं?"

"काठोकाठ."

म्हातारीने पदराने तोंड झाकले. त्यानंतर तिने लिही म्हटले नाही.

चौकशीच्या टेबलावर खिडकीबाईला कोरा कागद मिळाला. तिने वळणदार अक्षरात लिहिले: "तो पास मी लिहिला. गाडीत तपासणीचे कोणी नव्हते. सात पाहुणे होते. पाण्याचे पिंप सकाळी नऊपासून माझ्या खिडकीखाली होते. असे पास मी नऊ वर्षे लिहिले. जुनी पुस्तके कपाटात आहेत, मोजून पाहावीत."

अधिकाऱ्यांनी दोनदा वाचले. "यात सगळ्यात आधी तुम्हीच अडकता, बाई. कळतंय ना?"

"कळतंय."

"साहेबांचं नाव पासावर नाही. फोनचा पुरावा नाही. अक्षर तुमचंच आहे."

"म्हणूनच मी लिहिलं. दुसरं कोणी लिहिणार नाही."

अधिकारी म्हणाले तसेच झाले. खोटे पास दिल्याबद्दल तिची नोकरी गेली. मदतीचे प्रकरण "विचाराधीन" राहिले. मोठ्या साहेबांची बदली झाली, ती त्यांना हवी होती त्याच जागी. पुस्तके कोणी मोजली नाहीत. बदल एकच झाला: पिंप आता जिपेला साखळीने बांधलेले असते.

*

पुढच्या उन्हाळ्यात चिमणीने विचारले, "बाबा कुठून चालत आले होते?" आणि खिडकीबाईच्या लक्षात आले की ते तिलाही माहीत नाही. नऊ वर्षे तिने लोकांना आत सोडले होते. ती स्वतः कमानीपलीकडे कधी गेली नव्हती.

एका सकाळी मायलेकी रांगेत उभ्या राहिल्या. खिडकीत नवा तरुण कारकून होता. तिच्या मागे काही माणसे सोडून शाळेच्या बाई होत्या, हातात अर्ज. बाजूने गस्तीची जीप गेली. मधोमध साखळीने बांधलेले निळे पिंप आणि त्याच्याभोवती गुडघे आवळून बसलेली सहा माणसे, एकाच्या हातात हिरवा पास. चिमणी पिंपाकडे बघत राहिली.

"दोन तिकिटं," खिडकीबाई म्हणाली.

"जागा संपल्या, ताई."

किती गाड्या सुटतात, किती जागा असतात आणि त्यांतल्या किती ओळखीसाठी झाकून ठेवतात, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? तिने आवाज चढवला नाही.

"लिहून द्या."

"काय?"

"आज जागा संपल्या, असं. तारीख, वेळ आणि तुमची सही. आता नऊ वाजून दहा मिनिटं झाली आहेत."

कारकून हसला. मग त्याने तिचा चेहरा नीट पाहिला आणि हसू थांबवले. "असं कधी कोणी मागत नाही."

"माहीत आहे. मीही कधी कोणाला दिलं नाही."

मागून शाळेच्या बाई म्हणाल्या, "मलाही द्या. चाळीस मुलांसाठी." त्यांच्यामागचा एक म्हातारा, जो नुसताच ऐकत होता, म्हणाला, "तिसऱ्यांदा आलोय. मलाही चालेल लिहून दिलेलं."

रांग हलली नाही. कारकुनाने एकदा फोनकडे पाहिले, एकदा कमानीकडे, आणि पुढ्यातला कोरा कागद ओढला. पेन हातात घेऊन तो थांबला. त्याचे अक्षर अजून वळणदार झालेले नव्हते.

"खरं असेल तेवढंच लिहा," खिडकीबाई म्हणाली. "आम्ही थांबतो."