केशरी शाल, पांढरी शाल

महाराजांनी काळी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली आणि मांडवातली लेकरंसुद्धा रडायची थांबली.

"चंद्र माझा सॅटेलाइट, सूर्य माझा चार्जर!" घोंगडीच्या आतून आवाज आला. "नेटवर्क कैलासाचं, रेंज चौदा भुवनांची! बोल रे वना, काय गेलं तुझं?"

"मोटारसायकल, महाराज."

"लाल रंगाची. डावा आरसा फुटका. भरदुपारी निघाली. चालवणाऱ्याच्या डोक्यावर निळी टोपी. पुलाकडं वळली... आणि मायेच्या पडद्याआड गेली."

"आरसा फुटेलच शे!" वना ओरडला. "बठ्ठं, अगदी सगळं खरं शे!"

मग काय विचारता! मांडव उठून उभा राहिला. मोटारसायकल मिळाली नाही ती नाहीच, पण आरसा फुटका होता हे महाराजांना दिसलं, एवढ्यावरच वना नारळ फोडून मोकळा झाला. जळगावच्या पेठेमागचं ते पटांगण महिनाभर रोज संध्याकाळी असं भरत होतं. यावलला मोबाइलची कव्हरं विकणारा छगन तोच हा महाराज, हे ज्यांना ठाऊक होतं तेही आता वाकून नमस्कार करत. प्रश्न आणि फोटो आदल्या दिवशी द्यायचा. दृष्टीला प्रवासाला एक रात्र लागते, असं महाराज सांगत.

पहिल्या रांगेत पानबाई बसल्या होत्या. मांडीवर नवऱ्याचा फोटो, ओठांवर नवकार मंत्र. शेजारी नात प्रियल, आजीचा हात धरून. विश्वास नसलेल्या जागी ती रोज यायची, कारण आजीला एकटीला सोडवत नव्हतं.

पानबाईंचे पती जवरीलालजी, पेठेतले जुने डाळीचे व्यापारी. उमेदीत पारोळ्याला किल्ल्याजवळ त्यांचं एवढंसं दुकान होतं, मग जळगावला आले आणि मोठे झाले. अलीकडे मात्र त्यांच्या डोक्यातले दिवे एकेक करून विझत चालले होते. जेवलो की नाही ते आठवेना. मुलगा श्रेयांस समोर उभा असला, तर "कोणत्या गावचं गिऱ्हाईक?" म्हणून विचारायचे. ऐन थंडीत, एका दुपारी, केशरी शाल खांद्यावर टाकून ते घराबाहेर पडले, ते परतले नाहीत.

स्टेशन पाहिलं, बसस्थानक पाहिलं, जैन स्थानकं, धर्मशाळा, सगळं पालथं घातलं. पोलिसात तक्रार दिली. पेठेत खांबाखांबावर कॅमेरे होते, व्यापाऱ्यांनीच वर्गणी काढून बसवलेले. पोलिसांनी चित्रण मागितलं, तर कॅमेऱ्यांची देखभाल करणारा पुना म्हणाला, "पेठेत शेठजी कुठंच दिसले नाहीत साहेब. आणि जुन्या नाक्यावरचा कॅमेरा तर कधीचा बंद शे."

दुसऱ्या दिवशी पानबाई महाराजांकडे गेल्या. तिसऱ्या दिवशी घोंगडीतून उत्तर आलं.

"जिवंत आहेत! बाकावर बसलेत. हातात कापडी पिशवी. खांद्यावर पांढरी शाल."

पानबाईंनी हंबरडा फोडला. "कुठं? कुठं बसलेत, महाराज?"

"स्थान सांगितलं की दृष्टी तुटते, माई. शोधाशोध थांबवा. पोलीस, पेपर, फोटो, सगळं थांबवा. पौर्णिमेला स्वतःच्या पायांनी येतील."

आणि पानबाईंनी शोध थांबवला. श्रेयांस पेपरात फोटो द्यायला निघाला, तर त्याच्यापुढे पदर पसरला. "नको रे बेटा. दृष्टी तुटेल." आईपुढे मुलाचं चाललं नाही. पानबाई रोज संध्याकाळी मांडवात जायच्या आणि मूठभर शब्द पदरात बांधून आणायच्या. आज हसले. आज कोणी चहा दिला. त्या शब्दांवर त्यांची रात्र सरायची.

प्रियलच्या मनात मात्र एक शब्द अडकून राहिला होता. पांढरी.

"दादीसा, दादासांची शाल केशरी होती ना?"

"दिव्यदृष्टीत सगळं शुभ्रच दिसतं, बेटा."

प्रियलचं समाधान झालं नाही. शहरांत कॅमेरे आले, आपोआप लागणारे दिवे आले, त्याने माणसांचं वागणं कसं बदलतं, यावर ती संशोधन करत होती. याच पेठेत दारोदार फिरून तिने शेकडो लोकांना प्रश्न विचारले होते. पूर्वी म्हातारं माणूस भांबावलेलं दिसलं, तर पानवाला हात धरून घरी पोचवायचा. आता पानवाला म्हणे, "कॅमेरा शे ना, देखी लेतीन ते." चोरी कमी झाली होती, हे खरं. पण माणसाने माणसाकडे बघणंही कमी झालं होतं. कोणीतरी बघतंय, या भरवशावर कोणीच बघत नव्हतं.

कॅमेऱ्यांची एक खोडही तिला माहीत होती. अंधारलं की हे कॅमेरे स्वतःचा वेगळा उजेड टाकतात, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. त्या उजेडात रंग उरत नाहीत. रंगवलेलं कापड, मग ते केशरी असो की गडद हिरवं, पुष्कळदा पांढुरकंच दिसतं. भरदुपारची मोटारसायकल लाल आणि टोपी निळी दिसली. शाल पांढरी दिसली, म्हणजे ती अंधारात दिसली असणार. ही कसली कैलासाची दृष्टी, जी दिवस मावळला की रंगांधळी होते?

गल्लीच्या तोंडाशी भाजी विकणाऱ्या द्रौपदाबाईंना तिने गाठलं. द्रौपदाबाई म्हणजे जिभेला धार आणि काळजात लोणी. प्रियलने सगळं समजावलं, तशी त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"म्हंजे खांबावरना डोया महाराजना शे, आसं म्हनस तू?"

"असं मला वाटतं, मावशी. पण वाटणं वेगळं आणि ठरणं वेगळं. पडताळून बघायचंय."

"मंग देखू ना! मना गडद हिरवा लुगडाले काय भ्याव शे?"

आधी प्रियलने ते लुगडं आपल्या दुकानातल्या तसल्याच कॅमेऱ्यासमोर, दिवे मालवून, धरून पाहिलं. पडद्यावर ते दुधासारखं दिसलं. मग द्रौपदाबाई मांडवात गेल्या, फोटो दिला आणि खडा टाकला, "महाराज, आज सांजले मी काय करसु, ते उद्या सांगा. खरं निंघनं, ते बाजारन्या बठ्ठ्या बाया तुमना पाया पडाले आनसु."

त्या संध्याकाळी अंधार पडल्यावर द्रौपदाबाई हिरवं लुगडं नेसून पेठेतल्या खांबाखाली गेल्या आणि रिकामी टोपली डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. मग शेजारच्या बोळात शिरल्या. तिथं कॅमेरा नव्हता. तिथं त्यांनी ताट बडवत, भसाड्या आवाजात गाणं म्हणत असा काही नाच केला, की अख्खा बोळ खिडक्यांत आला.

दुसऱ्या दिवशी मांडव खच्चून भरला. घोंगडी ओढली गेली.

"खांबापाशी उभी होतीस! डोक्यावर रिकामी टोपली!"

"व्हय बाप्पा!" द्रौपदाबाईंनी हात जोडले. "आन् नेसेल काय व्हतू?"

"पांढरं लुगडं!"

बोळातल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

"आन् मंग काय कयं मी, महाराज?"

घोंगडी थोडी हलली. "मग... मग तू अंतर्धान पावलीस. ध्यानाला बसलीस. मौन धरलंस."

"मौन!" बोळातल्या बाया एकदम फुटल्या. "आमना कान फुटी गयतात इन्हा मौनथीन!"

हशाचा लोट उठला. प्रियल बोलायला उठत होती, पण तिच्याआधी पानबाई उठल्या. त्या हसत नव्हत्या. गुडघ्यावर हात टेकत त्या चौथऱ्याशी गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "महाराज, हिचं लुगडं हिरवं होतं. माझ्या माणसाची शाल केशरी होती. तुम्हाला रंग का दिसला नाही?"

 पानबाईंनी घोंगडीचा काठ धरला आणि लेकराच्या तोंडावरचं पांघरूण काढावं तशी ती अलगद बाजूला केली.

आत घामाघूम छगन होता. मांडीवर मोबाइल. मोबाइलच्या पडद्यावर पेठेचा रस्ता, चौकोना-चौकोनांत कापलेला. एका चौकोनात पांढऱ्या लुगड्यातल्या द्रौपदाबाई, डोक्यावर टोपली घेऊन थिजलेल्या.

मागच्या बाजूने कॅमेरेवाला पुना सटकू लागला. महाराजांच्या बायकोचा तो सख्खा भाऊ. आईला न्यायला आलेल्या श्रेयांसने त्याची गचांडी धरली. प्रियलने मोबाइल उचलला आणि काय आहे ते लोकांना मोठ्याने सांगितलं. फोटो आदल्या दिवशी का घेतात? पुनाला रात्रभर चित्रण धुंडाळायला. घोंगडी का? पडद्याचा उजेड दिसू नये म्हणून. चोर पुलापलीकडे मायेत का जातो? पुलापलीकडे कॅमेरा नाही म्हणून. एवढीच ती दृष्टी, वर्गणीतून आलेली.

सांगता सांगता तिचं बोट एका चित्रणावर थांबलं. जुना नाका. जो कॅमेरा बंद होता, तो.

नाक्यावर पारोळ्याकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात, तिथं खांबाखाली एक बाक आहे. बाकावर दादासा होते. अंधारात शाल पांढरी फटक दिसत होती. माणसं येत होती, जात होती. एकजण थांबला, त्यांच्याकडे पाहिलं, मग मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि निश्चिंत होऊन निघून गेला. दादासा मात्र जागचे हलत नव्हते. मधूनच ते वर बघायचे. थेट कॅमेऱ्यात. आणि हात हलवायचे. कोणीतरी ओळखीचं पलीकडे उभं असावं, तसे.

प्रियलने चित्रण तिथंच थांबवलं. प्रश्न विचारत फिरताना तिने सगळ्यात आधी दादासांनाच विचारलं होतं, "कॅमेऱ्यामुळे तुम्हाला सुरक्षित वाटतं का?" दादासा हसले होते. "वाटतं ना. आता माझं डोकं कामातून गेलंय, बेटा. एखाद दिवशी हरवलोच, तर खांबाखाली जाऊन बसेन. कोणीतरी बघतच असेल की!"

मुलाचं नाव त्यांना आठवत नव्हतं. घराचा रस्ता आठवत नव्हता. एवढी एक गोष्ट आठवली, आणि ते खांबाखाली जाऊन बसले. रात्रभर बसले. दुसऱ्या दिवशी बसले, दिवस मावळला तरी बसून राहिले. कोणीतरी बघत होतंच.

"तुला ठाऊक होतं ते कुठं आहेत?" पानबाईंनी छगनला विचारलं. "मी तुझ्या पाया पडत होते, तेव्हा?"

छगनने मान खाली घातली. "सांगून टाकलं असतं, तर तुम्ही परत कशाला आल्या असत्या, माई?"

चित्रणाच्या शेवटी, उजाडताना, दादासा पारोळ्याच्या गाडीत चढताना दिसले. तिथून पुढचं हसणं, पुढचा चहा, सगळं छगनच्या मनातलं.

छगन आणि पुनाला लोकांनी पोलिसांच्या ताब्यात दिलं. श्रेयांसने तिथल्या तिथे गाडी काढली. पारोळ्याला किल्ल्याजवळ, त्या जुन्या दुकानाच्या फळकुटापाशी कोणी नव्हतं. समोरचा आधार नावाचा चहावाला पुढे आला आणि हिला काय सांगावं, अशा चेहऱ्याने पानबाईंकडे बघत राहिला.

"रोज इथंच बसायचे बाबा. दुकान उघडायचंय म्हणायचे. नाव विचारलं तर सांगता येत नव्हतं. मी दोन वेळ खाऊ घालायचो, रात्री आत झोपा म्हणायचो. ऐकायचे नाहीत. म्हणायचे, घरचे मला शोधत येतील, मी दिसलो पाहिजे."

"मग?"

"थंडी छातीत बसली. आज पहाटे... दवाखान्यात नेलं होतं मी, अक्का. उशीर झाला होता."

आज पहाटे.

आधारने आतून घडी घातलेली शाल आणली. त्याच्या टपरीच्या पिवळ्या दिव्याखाली ती केशरी दिसत होती. नुसती केशरी. कोणालाही दिसली असती.

आता कोणी म्हणेल, एक भोंदू पकडला, संपलं. पण पानबाई म्हणतात ते ऐका. "त्याने सांगितलं ते खरं होतं, म्हणून मी फसले. खरं सांगितलं की मी हात जोडले. हात जोडायच्या आधी एवढंच विचारायला हवं होतं, तुला कसं कळलं? पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर माझा माणूस घरी असता." म्हणून, बाबांनो, बायांनो, कोणी अचूक सांगितलं की जास्तच जागे व्हा. कसं कळलं, ते विचारा. देवाला विचारा, यंत्राला विचारा, यंत्रामागे बसलेल्या माणसाला तर आधी विचारा. ज्याचं ज्ञान खरं आहे, तो उत्तर देताना घोंगडी ओढणार नाही.

प्रियलने आपलं संशोधन पुरं केलं. पानबाईंनी मात्र त्यात नसलेलं एक काम हाती घेतलं. दुपार कलली की त्या जुन्या नाक्यावरच्या त्या बाकावर जाऊन बसतात. वर बघत नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. कधी टोपली घेऊन द्रौपदाबाई टेकतात आणि आपल्याशीच गुणगुणतात,

खांबावरना डोया, त्याले पापनी नही व माय,
बठ्ठं गाव देखस, त्यामा पानी नही व माय.

एखादं म्हातारं माणूस बावरून उभं दिसलं, की पानबाई गुडघ्यावर हात टेकून उठतात. त्याचा हात आपल्या हातात घेतात.

"कुठं जायचं, भाऊ? चला, मी येते सोबत."