परक्या हाताचा ठेका

बाळाला थोपटताना तिचा हात गाण्याच्या आधी पोचला, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

गाणं नवऱ्याच्याच बँडचं होतं. नऊ वर्षं तो ड्रम वाजवत होता, धाकटा दीर गात होता, आणि बाकी दोघे गिटारवाले जमतील तसे येत होते. कॉलेजचे कार्यक्रम आणि कॅफेचा एखादा कोपरा, यापुढे मजल गेली नव्हती. आता मात्र एका कंपनीनं पाच गाणी रेकॉर्ड करून घेतली होती. शनिवारी करार, पुढे तीन महिने गावोगाव कार्यक्रम. त्यासाठी नवरा सोमवारी विमा कचेरीतल्या नोकरीचा राजीनामा देणार होता. टाइप केलेला तो कागद कपाटावर, बाळाच्या थर्मामीटरखाली ठेवलेला होता. येता-जाता तिची नजर तिकडे जायची.

नवऱ्याची एक खोड होती. ध्रुवपद जवळ आलं की त्याचा हात किंचित घाई करायचा. घराच्या वाटेला लागलेला बैल जसा न सांगता पाय उचलतो, तसं दादाचं होतं, असं दीर चारचौघांत म्हणायचा. तिच्या हाताला ती घाई लग्नाआधीपासून पाठ होती. या नव्या रेकॉर्डिंगमध्ये ती नव्हतीच. पट्टीनं रेघ मारावी तसा ठेका सरळ चालला होता.

तिनं तीनदा ऐकलं. मग फोनवरचं स्टॉपवॉच लावून, कागदावर टिंबं काढत मोजलं. बीएस्सीला लंबकाचे प्रयोग केले होते, ते असे कामाला आले. ठेका कुठेच हलत नव्हता.

मशीननं सारखं केलं असेल, असं तिनं मनाला सांगून पाहिलं. पण ध्रुवपदाआधी सगळ्या ड्रमांवरून काठ्या फिरवत घेतलेला जो एक लपेटा होता, तोही नवऱ्याचा नव्हता. मशीन खोड काढून टाकेल, दुसऱ्याची आणून कशी लावेल? संध्याकाळी तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, रेकॉर्डिंगला फार त्रास झाला का. तो लंगोट्यांच्या घड्या घालत होता. छान झालं की, असं म्हणाला आणि घडी घातलेली लंगोटी उलगडून पुन्हा घडी घालू लागला.

कुठेतरी पाणी मुरत होतं. शनिवारी पाळणाघर बंद असतं, हे निमित्त करून ती बाळाला घेऊन त्याच्याबरोबर स्टुडिओत गेली.

स्टुडिओ एका बंद पडलेल्या छापखान्याच्या माडीवर होता. भिंतींना राखाडी स्पंज, जमिनीवर केबलींची गुंतवळ. रेकॉर्डिस्ट पायमोज्यांवरच वावरत होता. त्यानं तिला खुर्ची दिली, बाळाकडे बघून चुटकी वाजवली आणि बोलायचं म्हणून बोलून गेला की ड्रम तर तीन तासांत उरकले, पाचही गाण्यांचे. मोठा पक्का हात. एवढं बोलून त्याची नजर दारातल्या नवऱ्याकडे गेली आणि तो स्वच्छ कप पुसायला लागला.

नवरा दोन दिवस रेकॉर्डिंग करून बोटांना पट्ट्या गुंडाळून घरी आला होता. दोन दिवस, तीन तास नव्हे.

दीर चहाच्या किटलीपाशी होता. एरवी ती त्याला घरच्यांसारखं पोपट म्हणायची. आज म्हणाली, "भाऊजी, जरा इकडे या."

भाऊजी ऐकल्यावरच त्याचा चेहरा उतरला. फार खोदावं लागलं नाही. कंपनीला गाणी आवडली होती, दादाचा हात नाही. एका रविवारी बाहेरचा वादक बोलावून सगळं पुन्हा वाजवून घेतलं होतं. दादाला कळलं तर तो वाजवणंच सोडून देईल, म्हणून कुणी बोललं नव्हतं. कार्यक्रमांना मात्र दादाच असणार, याची त्यानं शपथ घेतली.

"शपथ नको. कराराचा कागद दाखवा."

त्यानं दाखवला. सातव्या पानावर तिला हवं ते, म्हणजे नको ते, सापडलं: रंगमंचावर कोण वाजवणार हे कंपनी ठरवेल.

"हे तुम्ही वाचलं होतं?"

"वहिनी, असल्या ओळी सगळ्याच करारात असतात."

"तुमच्या दादाचा राजीनामा सगळ्यांच्या घरी नसतो."

दादाला आजच सांगा, असं तिनं बजावलं. माझ्या तोंडून निघणार नाही, असं म्हणून त्यानं बाळ तिच्याकडून घेतलं. हाताला काहीतरी काम हवं होतं बहुतेक. दोघं रेकॉर्डिस्टच्या खोलीत आली. काचेपलीकडे नवरा ड्रमपाशी एकटाच होता. त्यानं स्टूल सरकवलं तशा संगणकाच्या पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्या वर उसळल्या आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून पाय घासल्याचा आवाज आला. दुपारी कंपनीची माणसं चित्रीकरण करणार म्हणून माइक आधीच लावून ठेवलेत, असं रेकॉर्डिस्ट म्हणाला.

तिनं पट्ट्या पाहिल्या. बाळाला घेऊन उभ्या असलेल्या दिराकडे पाहिलं. मग जाड दार ढकलून ती आत गेली आणि ते मागे नीट लावून घेतलं.

नवरा स्टूल फिरवून खाली करत होता.

"त्या गाण्यात तू नाहीस," ती म्हणाली.

तो हसला. "मला वाटलंच, तुला कळेल." त्या रविवारनंतर तो एकदा काठ्या न्यायला आला होता. स्टूल चार बोटं वर होतं. त्याच्याहून लांब पायांचा कुणीतरी तिथं बसून गेला होता. पुढं गाणं ऐकलं, तेव्हा शंकाच उरली नाही.

"मग राजीनामा कशाला देतोस?"

"नाही दिला तर पोपटला कळेल की मला कळलंय. तो करार फाडून टाकेल. नऊ वर्षं घसा फोडलाय त्यानं, बाई. माझ्यापायी त्याचं जायला नको."

"आणि आपलं?"

त्यानं काठीचं टोक अंगठ्यावर दाबलं. "बघू काहीतरी."

दार उघडलं. दीर उभा होता, बाळ खांद्यावर, डोळे लाल. मग तो तिथूनच रेकॉर्डिस्टला म्हणाला, "कंपनीला फोन लावा. ती ओळ काढतील आणि दादाचं नाव लिहून देतील, तर सही. नाहीतर आमची गाणी आमच्यापाशी."

फोन झाला. कंपनीची बाई बराच वेळ बोलली, मग म्हणाली, वर विचारून आठवड्याभरात कळवते. सही झाली नाही. चित्रीकरणही झालं नाही. राजीनामा अर्थातच लांबला, आणि जिना उतरताना तिला कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेता आला.

मधल्या वळणावर नवरा थांबला.

"आतले माइक चालू होते. तुला माहीत होतं?"

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली आणि बाळाची टोपी सारखी करू लागली. ती सारखीच होती.

तो एक पायरी खाली थांबून नुसता बघत राहिला, गेले काही दिवस ती सगळ्यांकडे बघत होती तसा.